जे मी लेम्पीला शिकवलं नाही

लेम्पी हाउतालाला क्लबात मी आणलं, आणि तेही रिकामी खुर्ची भरायला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोक वेगळंच सांगायला लागले.

त्या सप्टेंबरात आमच्या क्रिबेज क्लबात एकोणीस माणसं उरली होती. क्रिबेज हा पत्त्यांचा खेळ, आणि तो खेळणाऱ्याला एकोणीस हा आकडा आवडत नाही. हातातले चार पत्ते आणि गड्डी काटून उघडलेला पाचवा, यांचे एकोणीस गुण काही केल्या होत नाहीत. म्हणून हात अगदी कोरा आला की आमच्याकडे ‘एकोणीस आले’ म्हणतात. शिवाय खेळ दोघांचा. एकोणीस माणसं जमली की दर फेरीला एकजण नुसता कॉफी पीत बसतो आणि बाकीच्यांच्या पत्त्यांत डोकावतो.

विसाचे एकोणीस झालो ते रेनो लाहतीमुळे. रेनो तेव्हा एक्याऐंशी वर्षांचा. लोखंडाच्या खाणीत माणसं खाली-वर नेणारा पाळणा चालवायचं काम त्याने सदतीस वर्षं केलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग पडला होता. आधीच्या वर्षी क्लबाने त्याच्यासाठी मोठ्या आकड्यांचे पत्ते आणले, पण वसंतापर्यंत तेही दिसेनासे झाले. “बास आता,” म्हणाला, आणि खेळायचा थांबला. यायचा मात्र थांबला नाही. दर रविवारी दुपारी एकला माजी सैनिकांच्या हॉलमध्ये यायचा, भिंतीशी बसायचा.

त्या हॉलमध्ये बारच्या मागे मेपलची एक फळी आहे. जानेवारी ते एप्रिल जो सगळ्यांत जास्त गुण मिळवतो त्याचं नाव तिच्यावर तापल्या सळईने डागतात. दुसऱ्याचं नाव कुठेच नसतं. सलग आठ वर्षं तिथे ‘रे. लाहती’ होतं, आणि ती आठही वर्षं दुसरी मी होते. तेव्हा रेनो थांबला म्हटल्यावर मला काय वाटलं असेल ते सांगत नाही. चेहरा पाडून मी त्याचा हात हातात घेतला, एवढं सांगते.

लेम्पी माझ्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे राहायची. आम्ही एकाच शाळेत नोकरी केली. मी ऑफिसात, ती स्वयंपाकघरात. सव्वीस वर्षं तिने डोक्याला जाळी बांधून रोज साडेतीनशे पोरांना वाढलं. त्याआधी चौदाव्या वर्षापासून आईबरोबर लाकूडतोड्यांच्या छावणीत बटाटे सोलले. मधे कधीतरी आर्वोशी लग्न केलं, एक मुलगा वाढवला, तो डेट्रॉइटला गेला. आर्वोला जाऊन चार वर्षं झाली होती. गाडी तोच चालवायचा, ती कधी शिकली नाही. तिचं घर नीट, तिचं अंगण नीट, आणि तिच्या दाराशी कुणाची गाडी उभी नसायची.

“रविवारी दुपारी काय करतेस गं?” मी विचारलं.

“मोजे विणते.”

“कुणासाठी?”

तिने जरा विचार केला. “तेच तर,” म्हणाली.

आर्वोबरोबर ती हिवाळ्यात क्रिबेज खेळायची, म्हणजे नियम माहीत होते. मी म्हटलं, फक्त बसायचं. हरलीस तरी चालेल. आणि मला खरंच चालणार होतं.

ती हरली. पहिल्या रविवारी नऊपैकी नऊ डाव. पत्त्यांवर बोट ठेवून, ओठ हलवत मोजायची: पंधराची बेरीज झाली की दोन (चित्राचा पत्ता दहाचा), जोडीचे दोन, ओळीत आले तर जितके पत्ते तितके. मग खुंटी उचलून गुण मोजायच्या लाकडी पट्टीवरची भोकं एकेक करून चालायची. एकशे एकविसाव्या भोकात जो आधी पोचेल तो जिंकला. ती नव्वदीसुद्धा ओलांडायची नाही. आमचा पोस्टमन डेल व्हायरो तिला चिडवायचा. चाळिशीचा झालाय, पण तिला अजून ‘मिसेस हाउताला’च म्हणतो, कारण तिच्या हातचं जेवून मोठा झालाय.

“मिसेस हाउताला, अजून थोडे वाढा की. एवढ्याने पोट नाही भरत माझं.”

“तुझं कधी भरलंय?” ती म्हणायची, आणि परत हरायची.

घरी माझ्या गाडीतून यायची. तिसऱ्या रविवारी मी तिला म्हटलं, “डेलच्या हातात अजून दोन होते. पंजी आणि राणी. दिसले नाहीत तुला?”

“दिसले.”

“मग मगिन्स का नाही म्हणालीस?”

मगिन्स म्हणजे समोरचा जे मोजायला विसरला ते आपलं. त्याने खुंटी पुढे नेली, बोट उचललं, की मगिन्स म्हणायचं आणि राहिलेले गुण स्वतः घ्यायचे. आमच्याकडे नव्या माणसाला नाताळापर्यंत माफी असते, त्याचे गुण कुणी उचलत नाही. पण त्याने दुसऱ्याचे उचलायला हरकत नसते.

“ते त्याचे होते,” लेम्पी म्हणाली. “दुसऱ्याच्या ताटलीतलं कसं उचलायचं?”

“ताटली नाहीये ती. आणि सोडून दिलेस म्हणजे तू त्याला शेंबडं पोर समजलीस. समोरच्याला समजतं ते. त्याचा अपमान होतो.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. टॅमरॅकची झाडं पिवळी पडली होती. आमच्या गल्लीच्या वळणावर आल्यावर म्हणाली, “असं असतं होय.”

हे मी शिकवलं. आणखीही खूप शिकवलं. गुरुवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात यायची, आणि मी शिकवायला बसायचे. आलेल्या सहांतले दोन पत्ते टाकायचे असतात. ते वाटणाऱ्याच्या वेगळ्या ढिगलीत जातात, तिला क्रिब म्हणतात. ढिगली आपली असेल तर पंजी टाकावी, समोरच्याची असेल तर जीव गेला तरी टाकू नये. मोजण्याआधी दोघं आळीपाळीने एकेक पत्ता टाकत, बेरीज म्हणत, एकतीसपर्यंत जातात; त्यात पहिला पत्ता चौकीच्या वरचा टाकला तर समोरचा लगेच पंधरा करू शकतो. हे सगळं सांगितलं. शिकवताना मी चांगली असते. समोरचा माणूस आपल्यापेक्षा खाली असला की मला फार प्रेम येतं.

एक गोष्ट तेवढी सांगितली नाही.

ती अशी. डाव संपत आला की हातात किती आहे याला फारसा अर्थ नसतो. आधी कोण मोजणार याला असतो. ज्याने पत्ते वाटले नाहीत तो आधी मोजतो. वाटणारा एका फेरीत साधारण सोळा भोकं पुढे जातो, न वाटणारा दहा. म्हणून चांगला खेळणारा अर्ध्या डावापासूनच बघत असतो की आपली खुंटी आत्ता कुठे असायला हवी, आणि आहे कुठे. पुढे असू तर दोघांनाही हळू चालवायचं, पत्त्याला पत्ता लागून गुण होऊ द्यायचे नाहीत. मागे असू तर अंगावर घ्यायचं. हे कळलं की माणूस पत्ते खेळायचा थांबतो आणि वेळ खेळायला लागतो. रेनो तसा खेळायचा. पाळणा कुठे थांबणार हे वरून न बघता ओळखायची त्याला सवय. मला ते कळायला पाच वर्षं लागली होती, आणि ती मी कुणाच्या मदतीवाचून काढली होती.

लेम्पीने ऑक्टोबरात विचारलं, “कधी जपून खेळायचं नि कधी सुटायचं, हे तुला कसं समजतं?”

“अनुभवाने,” मी म्हटलं.

नोव्हेंबरात परत विचारलं. मी कॉफी गरम करायला उठले. डिसेंबरात म्हणाली, “काहीतरी असतं बघ. तू मधेच पट्टीकडे बघतेस आणि मग तुझा खेळ बदलतो.” मी म्हटलं, “उगाच खोलात शिरतेस, लेम्पी. पत्ते आहेत हे.”

जानेवारीत ती जिंकायला लागली.

आधी रविवारी चार डाव, मग पाच. मी खूश होते, खरंच. आपण लावलेलं रोप म्हणून लोकांना दाखवत होते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिने डेलला हरवलं, आणि शेवटी त्याच्या हातातले दोन राहिलेले गुण शांतपणे बोट दाखवून घेतले. “मगिन्स,” म्हणाली. शाळेत जशी ‘पुढे सरक’ म्हणायची तशी. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं हसली. डेलने टोपी काढून डोक्यावर हात मारला.

“तुम्हाला कसं कळतं हो माझ्याकडे काय आहे? आरसा लावलाय का मागे?”

“तू वाटाणे रुमालात लपवायचास,” लेम्पी म्हणाली. “लपवायच्या आधी तोंड भरून हसायचास माझ्याकडे बघून. अजून तेच करतोस. हसलास की हातात पंजी असते.”

अख्खा हॉल हसला. नंतर मी मोजलं, वीसपैकी अकराजण तिच्या रांगेतून ताटली घेऊन गेलेले होते. कोण घाई करतो, कोण शेवटपर्यंत चांगला घास राखून ठेवतो, कुणाला दुसऱ्यांदा मागायची लाज वाटते, हे तिने सव्वीस वर्षं रोज दुपारी बघितलं होतं. आम्हाला वाटायचं ती डाव घेऊन सूप वाढतेय.

त्या दिवशी गाडीत मी हसत विचारलं, “आणि माझं काय बघतेस?”

“जाऊ दे.”

“सांग की. मी काय वाटाणे लपवायची?”

“तू स्टाफच्या टेबलावर बसायचीस. लपवायची नाहीस काही.” ती हातमोजे चढवत होती. “तू आधी सगळ्यांच्या ताटलीत बघायचीस, मग आपल्या. तुझं गार व्हायचं तोवर.”

मी हसले. हसायला किती ताकद लागते हे गाडी चालवताना कळतं.

पण खरं कारण वाटाणे नव्हतं. तिच्या खेळात ते आलं होतं, मी न सांगितलेलं. मधेच ती पट्टीकडे बघायची. क्षणभर. आणि मग तिचा खेळ बदलायचा.

हे कुठून आलं ते मला एका मंगळवारी कळलं. सकाळी नऊला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. बर्फ बाजूला सारलेल्या रस्त्याने रेनो लाहती चालत येत होता, स्कीची एक काठी टेकत, तोंड जरासं एका बाजूला वळवून. लेम्पीच्या फाटकाशी थांबला, काठीने फाटकाची कडी चाचपली, आत गेला. साडेदहाला बाहेर पडला. पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. वेलदोड्याच्या गोड पावाचा वास रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत येतो असं मला वाटायचं. खिडकी बंद, मधे चार फूट बर्फ, पण यायचा.

आठ वर्षं मी त्या माणसासमोर बसले होते. आठ वर्षं तो मला हरवून नुसती मान हलवायचा. एकदाही म्हणाला नाही की इर्मा, तू इथे चुकलीस. आणि आता तो बर्फाळ रस्त्यावरून एक मैल चालत जाऊन तिला सांगत होता. फिनिश माणूस फिनिश बाईकडे जाणार, त्यात काय, असं मी स्वतःला समजावलं. आम्ही कॉर्नवॉलकडचे, आमच्या आज्यांनी त्यांना पास्टी, म्हणजे खिमा-बटाट्याची मोठी करंजी, करायला शिकवली, आणि आता ते म्हणतात ती त्यांचीच. मग मला वाटलं की नाही, जात नव्हे, ती रांधते चांगलं. मग वाटलं, ती विधवा आहे आणि तो विधुर. मग स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून खिडकीतून हलले नाही.

मत्सराबद्दल लोक आग वगैरे म्हणतात. मला तसं वाटलं नाही. तो थंड असतो, आणि नीटनेटका. मी तिच्या मंगळवारांचा हिशेब ठेवत होते, तिच्या डावांचा ठेवत होते, तिने नवा स्वेटर घातला तर तो कुणासाठी याचा ठेवत होते. गुरुवारी ती यायची तेव्हा मी नेहमीसारखी कॉफी ओतायची. ती मंगळवारबद्दल काही बोलली नाही, मी विचारलं नाही. आता मीच तिला काही शिकवत नव्हते. आम्ही नुसत्या खेळायचो, आणि ती कधी कधी जिंकायची, माझ्याच टेबलावर.

तिची चाल बदलली होती. पूर्वी हॉलमध्ये शिरताना ती दारापाशी थांबून कुठे बसू असं बघायची. आता कोट खुंटीवर टाकून सरळ जायची. एकदा नवा एकजण पत्ते पिसताना फार वेळ लावत होता, तर म्हणाली, “दे इकडे, पोरं उपाशी आहेत.” एकदा कुणीतरी तिचे गुण चुकीचे लिहिले, तिने पेन्सिल मागून घेतली आणि स्वतः दुरुस्त केले. साठी उलटलेल्या बाईला असं उमलताना बघणं, ज्याने ते पाणी घातलं त्याला सोसत नाही. किंवा मला सोसलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शेवटच्या डावाआधी मी तिच्यापेक्षा एका गुणाने पुढे होते. बाकीचे सगळे मागे राहिले होते. फिरत फिरत शेवटचा डाव आमचा दोघींचाच आला. जिंकलं की फळीसाठी दोन गुण, समोरचा नव्वदीतच अडकला तर तीन. म्हणजे जी हा डाव जिंकेल तिचं नाव फळीवर.

बाकीची टेबलं आधी संपली आणि माणसं भोवती उभी राहिली. रेनोला कुणीतरी खुर्ची दिली. तो आमच्या दोघींच्या मधे, टेबलाच्या कडेला बसला. तोंड लेम्पीच्या बाजूला.

मी चांगली खेळले. हे मला कुणी नाकारू शकत नाही. शंभरच्या पुढे गेल्यावर मी खेळ हळू केला, एकही पत्ता तिच्या पत्त्याला लागू दिला नाही. शेवटची फेरी आली तेव्हा मी एकशे तेरावर, ती एकशे सोळावर. पत्ते तिने वाटले. म्हणजे आधी मी मोजणार. मला हवे होते आठ.

सहा पत्ते उचलले. छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, आणि दोन फालतू. मी ते दोन टाकले. सत्ती-अठ्ठी पंधरा, नव्वी-छक्की पंधरा, चार ओळीत चार. आठ. मी आठ वर्षांत इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं. पत्ता काटला, राणी निघाली. मला तिची गरज नव्हती. आता फक्त खेळताना लेम्पीने पाच मिळवायचे नाहीत, एवढंच.

मी नव्वी टाकली. तिने गुलाम. एकोणीस. मी अठ्ठी, सत्तावीस. तिने चौकी टाकून नेमके एकतीस केले आणि त्याचे दोन घेतले. एकशे अठरा. मग मी सत्ती, तिने राजा, मी छक्की, तिने एक्का. शेवटच्या पत्त्याचा एक. एकशे एकोणीस. तिथे ती थांबली.

डाव माझा होता. भोवतीच्या सगळ्यांना ते समजलं असावं, कारण कुणी कॉफीचा कप खाली ठेवला त्याचा आवाज मोठा आला. मी माझे चार पत्ते उताणे मांडले.

“पंधराचे दोन,” मी म्हटलं, आणि वर बघितलं.

का बघितलं ते मला माहीत आहे. मला रेनोचा चेहरा हवा होता. मी पहिली येतेय त्या क्षणी त्याने मला बघायला हवं होतं. आणि त्याचं तोंड लेम्पीकडे होतं. मान तिच्या बाजूला वळवून, जरा पुढे झुकून तो टक लावून बसला होता, जणू टेबलावर दुसरं कुणी नव्हतंच.

“आणि ओळीचे चार,” माझं तोंड म्हणालं, “सहा.” माझ्या हाताने खुंटी सहा भोकं नेली आणि बोट उचललं.

मग मी खाली बघितलं. नव्वी आणि छक्की माझ्याकडे बघत होत्या. क्लबातलं कुठलंही पोर झोपेत सांगेल. माझी खुंटी एकशे एकोणीसवर होती, तिच्या खुंटीच्या अगदी शेजारी.

लेम्पीने माझे पत्ते बघितले, मग मला. तिला बोलायची गरजच नव्हती. तिचा हात उघडला तेव्हा त्यात नऊ होते. गप्प राहून ते मोजले असते तरी ती जिंकली असती, आणि माझी चूक पत्त्यांत मिसळून गेली असती. मला वाटलं ती तेच करेल. ती गप्प राहील, मला सांभाळून घेईल, आणि ते मला जन्मभर पुरेल. माझी एवढीच इच्छा उरली होती की तिने ते करू नये.

“मगिन्स,” लेम्पी म्हणाली. हळू नाही, मोठ्यानेही नाही. “नव्वी-छक्की. दोन.”

आणि शेवटच्या भोकात तिने खुंटी घातली.

टाळ्या झाल्या. डेलने तिला उचलायचा प्रयत्न केला, ती त्याला ओरडली. मी पत्ते गोळा करत राहिले. टेबलाशी रेनो आणि मीच उरलो तेव्हा तो म्हणाला, “इर्मा, सहा-सात-आठ-नऊ होते तुझ्याकडे.”

“तुम्हाला कसे दिसले? तुम्ही तर तिच्याकडे बघत होतात.”

“छे. ती मला दिसतच नव्हती.” तो हसला. “ज्याच्याकडे तोंड करतो ना, तो त्या काळ्या डागात जातो. कडेचं तेवढं अंधुक दिसतं आता, बाकीचं तुमच्या बेरजा ऐकून कळतं. तुझा हात बघायचा म्हणून तोंड तिकडे केलं.” मग काठी शोधत म्हणाला, “मोजेपर्यंत वर बघू नये. आठ वर्षांत पहिल्यांदा बघितलंस.”

आठ वर्षांत पहिल्यांदाच तो मला काही सांगत होता.

परत येताना रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडून वितळत होता. लेम्पी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

“रागावलीस?” तिने विचारलं.

“नाही.”

“मी घेतले नसते तर?”

“तर तुला इथेच उतरवलं असतं.”

ती हसली. मीही हसले, आणि त्या हसण्याच्या आधाराने विचारून टाकलं, “रेनोने तुला कधी बोलावलं गं?”

“त्याने कुठे. मीच गेले, नाताळानंतर. पाव घेऊन गेले आणि म्हटलं, शिकवा. तर म्हणाला, मंगळवारी येतो, चालणं होईल तेवढंच.”

“पण त्याच्याकडे का?”

“तुला तीनदा विचारलं होतं. पट्टीकडे बघून तू काय ठरवतेस ते.” ती पिशवीचा बंद गुंडाळत होती. “तू काही सांगेनास. मला वाटलं, तुलाच नीट ठाऊक नसावं. जमत असेल, पण सांगता येत नसेल. म्हटलं आपण शिकून घ्यावं आणि मग गुरुवारी तुला सांगावं. पण तुला ते कसं वाटेल, म्हणून राहिलं.”

तिचं फाटक आलं. मी गाडी थांबवली. इतकं सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं, खरंच ठाऊक नव्हतं म्हणायचं. तिने मला सगळं समजावून सांगितलं असतं, आणि आम्ही होतो तशा राहिलो असतो. पण तिला असं वाटावं की मला ते माहीत नव्हतं, हे मला सहन होईना.

“मला माहीत होतं,” मी म्हटलं. “पहिल्यापासून. मुद्दाम सांगितलं नाही.”

लेम्पीने माझ्याकडे बघितलं. रांगेत पुढे आलेल्या पोराकडे बघावं तसं, नीट, घाई न करता.

“बरं,” म्हणाली, आणि उतरली.

ती पायऱ्या चढून आत जाईपर्यंत मी इंजिन चालू ठेवून बसले. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं. पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला हरवता येतं.